उंबरठा ओलांडणाऱ्या वेणाबाई

चैत्र शुद्ध नवमीच्या मध्यान्ही गावोगावच्या राममंदिरांत पाळणा हलतो, गुलाल-बुक्क्याची उधळण होते आणि सुंठवड्याचा प्रसाद हातोहात फिरतो. त्यापूर्वी रामजन्माचे कीर्तन झालेले असते. नारदांच्या त्या गादीवर आज अनेक ठिकाणी एखादी कीर्तनकार भगिनी उभी असते. हाती झांज, गळ्यात हार, मुखी रामनाम आणि समोर स्त्रीपुरुषांचा दाट समुदाय. या दृश्याचे आज कोणालाही नवल वाटत नाही. परंतु साडेतीन शतकांपूर्वी याच कृष्णाकाठी एका स्त्रीला असे उभे राहण्यासाठी काय सोसावे लागले, याचे स्मरण रामनवमीच्या दिवशी तरी व्हावयास हवे. ती स्त्री म्हणजे समर्थ रामदासांच्या शिष्या, मिरजेच्या मठाच्या अधिकारी वेणाबाई. संप्रदायात त्यांना वेणास्वामी या आदराच्या नावाने ओळखतात.

वेणाबाईंचे चरित्र मुख्यतः समर्थ संप्रदायाच्या परंपरेने जतन केले आहे. त्यात भक्तांच्या भावनेचे रंग मिसळलेले आहेत. तथापि त्या सर्व कथांतून एक सूत्र स्पष्ट दिसते. ही एका भ्यालेल्या मुलीची कथा आहे. तिला भय होते ते वाघाचे, शत्रूचे किंवा मृत्यूचे नव्हे, तर माणसांच्या जिभेचे.

तुळशीवृंदावनापाशी

वेणाबाईंचे माहेर कोल्हापूरचे आणि सासर मिरजेचे, देशपांडे घराण्यातील. त्या काळच्या रीतीप्रमाणे लहान वयातच विवाह झाला आणि संसार म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच वैधव्य आले. त्या काळातील उच्चवर्णीय घरातील बालविधवेचे जीवन कसे असे, हे आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांनी ऐकलेले असते. केशवपन, अंगावर आलवण, एकभुक्त राहणे, मंगल कार्यात पुढे न येणे, सकाळी कोणाच्या दृष्टीस न पडणे. घरातील कष्ट तिच्या वाट्याचे, परंतु घरातील आनंद मात्र तिच्या वाट्याचा नाही. अशा मुलीला शिक्षा करण्यास कोणी शास्ता लागत नसे. शेजारणीची एक नजर, पाणवठ्यावरची एक कुजबुज एवढेच तिला दारामागे ढकलण्यास पुरेसे होते.

वेणेजवळ मात्र एक गोष्ट होती, जी तेव्हाच्या बहुतेक मुलींजवळ नव्हती. तिला वाचता येत होते. संत एकनाथांनी १५७३ मध्ये काशीक्षेत्री पूर्ण केलेली भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका तेव्हा महाराष्ट्रातील भाविक घरांत पोहोचलेली होती. मिरजेच्या घरात तुळशीवृंदावनापाशी बसून वेणा ती पोथी वाचीत असे. पोथी वाचणे ही विधवेला मान्य असलेली गोष्ट होती. त्यात कोणास आक्षेपार्ह असे काही नव्हते, कारण वाचणारीने वाचावे एवढीच अपेक्षा होती. तिने अर्थ विचारावा, शंका काढावी, अशी अपेक्षा कोणाचीच नव्हती.

परंपरा सांगते की, अशाच एका दिवशी समर्थ भिक्षेसाठी त्या दारी आले. मुलगी कोणता ग्रंथ वाचीत आहे, याची त्यांनी चौकशी केली आणि वाचलेले समजते काय, असेही विचारले. प्रश्न साधा होता, परंतु त्या घरात तो तिला पूर्वी कोणी विचारला नसावा. ओटीच्या आत परक्या पुरुषासमोर, तोही गोसावी, तिने मान खाली घालून आत निघून जावे, ही रीत होती. वेणेने तसे केले नाही. समजत नाही हे तिने मान्य केले आणि मनात साठलेल्या शंका बोलून दाखविल्या. जीव कोण, आत्मा कोण, हे जग कसे आणि त्यातून सुटका कशी, अशा पंचवीस प्रश्नांची आठवण संप्रदायात सांगितली जाते. समर्थांनी त्यांची उत्तरे दिली.

वेणाबाईंच्या जीवनातील पहिले पाऊल कोणते, असे विचारले तर या प्रसंगाकडेच बोट दाखवावे लागेल. त्यांनी अद्याप घर सोडले नव्हते आणि दीक्षाही घेतली नव्हती. तुळशीपाशी बसल्या जागेवरूनच एक प्रश्न विचारला होता. पुढे जे मोठे घडले, त्याचा आरंभ इतका लहान होता.

पहिल्या पावलाचे मोल जाणणारे गुरू

ज्यांच्यासमोर हा प्रश्न उच्चारला गेला, त्यांनाही पहिल्या पावलाची किंमत ठाऊक होती. जांब गावी १६०८ मध्ये रामनवमीच्याच दिवशी जन्मलेला सूर्याजीपंत ठोसरांचा मुलगा नारायण वयाच्या बाराव्या वर्षी लग्नाच्या बोहल्यावरून निघून गेला, ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाला माहीत आहे. अंतरपाट समोर, मंगलाष्टके चाललेली, दोन्ही कुळांची माणसे जमलेली. अशा वेळी पाऊल उचलणे केवळ बालिश धाडसाने होत नाही. पुढे नाशिकजवळच्या टाकळी येथे बारा वर्षे तपश्चर्या आणि नंतर बारा वर्षे भारतभ्रमण करून १६४४ च्या सुमारास समर्थ कृष्णाखोऱ्यात आले.

हा प्रदेश तेव्हा विजापूरच्या अंमलाखाली होता. समर्थांना येथे जी गोष्ट प्रकर्षाने जाणवली, ती लोकांच्या मनांत मुरलेली भीती. त्यावर त्यांनी योजलेला उपाय आजही आपल्या डोळ्यांसमोर उभा आहे. शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी आणि चाफळ ही सातारा जिल्ह्यातील ठिकाणे, बत्तीस शिराळा आणि बहे-बोरगाव ही सांगली जिल्ह्यातील, तर मनपाडळे व पारगाव ही कोल्हापूरकडील. चाफळच्या दोन मूर्ती धरून या अकरा मारुतींची स्थापना साधारणपणे १६४५ ते १६५५ या दहा वर्षांत झाली. बलोपासनेच्या द्वारे तरुणांच्या मनातील भय घालविण्याचा तो मार्ग होता.

तालमीत घुमणाऱ्या तरुणांसाठी मारुती होता. परंतु दाराआडच्या विधवेचे भय कोणत्या तालमीत जाणार, हा प्रश्न राहतोच. वेणाबाईंचे चरित्र हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

भीतीने दिलेले विष

काही काळाने वेणा माहेरी कोल्हापुरास आली. समर्थांचीही कीर्तने तेथे महालक्ष्मीच्या मंदिरात होऊ लागली. याच कीर्तनांच्या काळात पुढे कल्याणस्वामी म्हणून प्रसिद्ध झालेला अंबाजी हा मुलगा समर्थांच्या चरणी आला, अशी परंपरा आहे. वेणा नित्य कीर्तनाला जाऊ लागली. तिची ओढ वाढू लागली, तशी गावाची जीभ सैल सुटली. तरुण विधवा, तरुण गोसावी आणि रात्रीचे कीर्तन. निंदकांना याहून अधिक काही लागत नाही.

याच कोल्हापुरात त्याच शतकात आणखी एका मुलीला कीर्तनश्रवणाची अशीच शिक्षा मिळाली होती. पुढे तुकोबारायांच्या शिष्या म्हणून मान्यता पावलेल्या बहिणाबाई लहान वयात येथे जयरामस्वामी वडगावकरांची कीर्तने ऐकत आणि त्यापायी त्यांना पतीचा मार सोसावा लागला. भगवंताचे नाम ऐकण्याची इच्छा हाच त्या काळी स्त्रीचा अपराध ठरू शकत होता.

वेणेच्या बाबतीत प्रकरण मारहाणीपुरते राहिले नाही. लोकनिंदेने हैराण झालेल्या आईवडिलांनी तिला विष दिले, असे परंपरा सांगते. या कथेत माणसांचे दोष शोधणे सोपे आहे. परंतु जरा थांबून पाहिले तर दिसते की, ते आईबाप क्रूर नव्हते, ते भ्यालेले होते. उद्या पंक्तीत आपले पान मांडले जाईल काय, धाकट्यांची लग्ने जमतील काय, अशी चिंता त्या काळच्या कोणत्याही कुटुंबाला पडली असती. ज्या लोकापवादाच्या भयाने मुलीला दाराआड ठेवले होते, त्याच भयाने आईबापांच्या हाती विषाचा पेला दिला. भय माणसाला दुबळे करते हे आपण जाणतो. ते माणसाला निष्ठुरही करते, हे या कथेवरून कळते.

वेणा त्या विषातून वाचली. समर्थांच्या कृपेने वाचली, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. आईवडिलांना पश्चात्ताप झाला आणि त्यांनी तिला जवळ ठेवून घेण्याची इच्छा दर्शविली. येथे तिच्यासमोर दोन वाटा होत्या. एक वाट क्षमा करून माहेरच्या छायेत राहण्याची होती. तीत सुरक्षितता होती आणि आता प्रेमही होते. दुसरी वाट समर्थांच्या मागे जाण्याची होती. तीत पुढे काय आहे, हे कोणासच ठाऊक नव्हते. विधवांनी गोसाव्यांच्या मठात राहून साधना करावी, असा पायंडा तिच्या ओळखीत कोणी पाडलेला नव्हता. तिने आईबापांना क्षमा केली आणि त्यांचा निरोप घेऊन समर्थांची वाट धरली.

मृत्यू जवळून पाहिल्यामुळे तिचे सारे भय गेले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण पुढील चरित्र पाहता तसे वाटत नाही. मरणाचे भय एका रात्रीत जाऊ शकते. लोक काय म्हणतील हे भय मात्र दररोज नव्याने जिंकावे लागते.

उभ्याने कीर्तन

मांड नदीच्या काठी चाफळ येथे १६४८ मध्ये श्रीरामाचे मंदिर उभे राहिले. कृष्णेच्या अंगापूरच्या डोहातून मिळालेल्या मूर्तीची तेथे स्थापना झाली आणि रामनवमीचा उत्सव हा त्या मठाच्या वर्षाचा मुख्य सोहळा ठरला. वेणाबाई येथे राहू लागल्या. त्यांच्याप्रमाणेच बालवैधव्य आलेल्या कऱ्हाडच्या अक्काबाईही येथे होत्या. दोघींना मठाचा व्यवहार, श्रवण, मनन आणि लेखन यांचे शिक्षण मिळाले.

समर्थांनी कीर्तनभक्तीला किती महत्त्व दिले आहे, हे दासबोधाच्या वाचकांस सांगावयास नको. चौथ्या दशकातील नवविधा भक्तीच्या विवेचनात कीर्तनासाठी स्वतंत्र समास आहे. कीर्तन म्हणजे बसून केलेले भजन नव्हे. कीर्तनकाराला उभे राहावे लागते, सर्वांच्या नजरा स्वतःवर घ्याव्या लागतात, गावे लागते, अर्थ सांगावा लागतो, श्रोत्यांच्या शंका पेलाव्या लागतात. ज्या स्त्रीला आयुष्यभर नजरेआड राहण्यास शिकविले, तिने नेमके नजरेसमोर उभे राहावयाचे होते. संप्रदायाची आठवण अशी की, समर्थांनी उभ्याने कीर्तन करण्याची आज्ञा वेणाबाईंना दिली.

या आज्ञेत जोखीम दोघांचीही होती. एका विधवेला नारदांच्या गादीवर उभे करणाऱ्या गुरूवर धर्मबुडवा म्हणून ठपका येणार, हे उघड होते. आपली अपकीर्ती पत्करून दुसऱ्याला धीर देणे हे गुरूचे काम समर्थांनी केले. परंतु गुरू कितीही समर्थ असला तरी पाऊल शिष्यालाच उचलावे लागते. मृदंगावर थाप पडली आणि पहिले नामस्मरण कंठातून बाहेर पडावयाचे असते, त्या क्षणी गादीवर एकटेच उभे असावे लागते. वेणाबाई त्या क्षणी उभ्या राहिल्या. त्यांच्या निंदकांना वादाने उत्तर देण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. रामकथाच त्यांचे उत्तर झाली.

पुन्हा मिरजेत

यानंतर समर्थांनी त्यांच्यावर मिरजेच्या मठाची जबाबदारी सोपविली. या निर्णयाचे मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. दूरच्या, अनोळखी गावी नव्याने उभे राहणे त्या मानाने सोपे असते. मिरज हे तर वेणाबाईंचे सासर. ज्या गल्लीत त्यांचे वैधव्य सर्वांनी पाहिले, ज्या घरांत त्यांच्याविषयी नाही नाही ते बोलले गेले, त्याच गावात त्यांना अधिकारी म्हणून परत जावयाचे होते. शिवाय मिरज हे आदिलशाहीचे महत्त्वाचे ठाणे. १६६० च्या आरंभी शिवाजी महाराजांच्या फौजांनी वेढा घालूनही तो किल्ला तेव्हा हाती आला नव्हता. अशा गावात एका स्त्रीने रामोपासनेचा मठ चालवावा, यात राजकीय अनिश्चितताही होती आणि सामाजिक विरोधही.

वेणाबाईंनी तो मठ चालविला आणि नावारूपास आणला. ज्या मुलीला उंबरठ्याच्या आत राहण्यास सांगितले होते, तिच्या मठाच्या उंबरठ्यावर लोक माथा टेकू लागले. मिरजेत त्यांच्या नावाचा मठ आजही आहे आणि भाविक तेथे श्रद्धेने जातात.

मांडवाबाहेरच्या स्त्रीने वर्णिलेला विवाह

वेणाबाईंनी विपुल लेखन केले. उपदेशरहस्य आणि इतर प्रकरणे त्यांच्या नावावर आहेत, तथापि त्यांची कीर्ती मुख्यतः सीतास्वयंवर या ओवीबद्ध ग्रंथावर उभी आहे. शिवधनुष्याचा भंग, जनकाच्या घरची लगबग, वऱ्हाडाचे स्वागत, विवाहाचे विधी आणि मानपान यांचे तपशीलवार व घरगुती जिव्हाळ्याने भरलेले वर्णन त्यांनी केले आहे. हा ग्रंथ वाचताना लेखिकेची स्थिती मनात ठेवली तर अंतःकरण भरून येते. त्या काळी विधवेची सावली लग्नमांडवात अशुभ मानीत. हळदीकुंकवाच्या ताटाला हात लावण्याची तिला मुभा नव्हती. आणि अशा स्त्रीने जगन्मातेचा विवाह सजविला, तिला हळद लावली, तिच्या मस्तकी अक्षता टाकल्या. समाजाने नाकारलेला मांडव वेणाबाईंनी रामाच्या दारी स्वतःच्या शब्दांनी उभारला. या ग्रंथात तक्रारीचा सूर नाही, सोहळ्याचा आहे. भयातून खरोखर मुक्त झालेल्या मनाची ही खूण मानावी लागेल.

योगायोग असा की, याच परिसरात सांगली येथे ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी मराठी रंगभूमीचे पहिले पाऊल टाकले, तेही सीतास्वयंवर या आख्यानाने. कृष्णाकाठच्या या भूमीत नव्या आरंभांना सीतेच्या स्वयंवराचाच शकुन लाभला, असे भाविक मनाला वाटल्यास नवल नाही.

माहेरची वाट

समर्थ १६७६ मध्ये साताऱ्याजवळच्या सज्जनगडावर वास्तव्यास आले. दोन वर्षांनी, शके १६०० च्या चैत्रात, वेणाबाई गुरुदर्शनासाठी गडावर आल्या. आता माहेरी जाण्याची अनुज्ञा द्यावी, अशी विनंती त्यांनी समर्थांना केली. ते माहेर कोल्हापूरचे नव्हते, हे समर्थांनी ओळखले आणि त्यांना कीर्तन करण्यास सांगितले. वेणाबाई रामासमोर कीर्तनास उभ्या राहिल्या. कीर्तन संपवून त्यांनी सद्गुरूंच्या चरणी मस्तक ठेवले आणि तेथेच देह ठेवला, असे संप्रदाय सांगतो. तो दिवस चैत्र वद्य चतुर्दशीचा होता. सज्जनगडावर त्यांचे वृंदावन आहे. एके काळी तुळशीवृंदावनाच्या आडोशाला बसून पोथी वाचणाऱ्या मुलीच्या समाधीचे आज ते वृंदावन झाले आहे.

त्यांच्या सहचारिणी अक्काबाईंनी चाफळ आणि सज्जनगडाचा कारभार पुढे दीर्घकाळ सांभाळला. १६८२ मध्ये समर्थांचे निर्याण झाले आणि १७०० मध्ये मोगलांनी सज्जनगड घेतला. त्या कठीण काळातही एका विधवा स्त्रीच्या आधाराने ती परंपरा टिकली. समर्थांनी ज्या दोघींना दाराआडून बाहेर आणले, त्यांनी समर्थांचा वारसा असा राखला.

आपल्या घरासाठी

आज आपल्या घरांत आलवण नाही, विषाचा पेलाही नाही. परंतु लोक काय म्हणतील ही शंका मात्र गेलेली नाही. प्रौढ वयात पुन्हा पाटी-पुस्तक हाती घेणारी गृहिणी, नवा उद्योग मांडू पाहणारा मुलगा, वैधव्यानंतर पुन्हा मंगल कार्यात सामील होऊ पाहणारी भगिनी, या सर्वांना त्याच कुजबुजीला तोंड द्यावे लागते. त्यांनी वेणाबाईंच्या चरित्राकडे पाहावे. भय पुरते नाहीसे झाल्यावर पाऊल टाकू, अशी वाट त्यांनी पाहिली नाही. आधी एक प्रश्न विचारला, मग एक उंबरठा ओलांडला, मग गादीवर उभ्या राहिल्या आणि शेवटी ज्या गावाचे भय होते त्याच गावात रामाचे घर मांडले. प्रत्येक पावलाने पुढच्या पावलापुरता धीर दिला.

आणि घरातील वडीलधाऱ्यांनी या कथेतील आईवडिलांकडे पाहावे. मुलीच्या कल्याणाची चिंता आणि लोकनिंदेचे भय या दोन गोष्टी वरवर सारख्या दिसतात. त्या वेगळ्या ओळखता आल्या, तर पुष्कळ घरांतील पुष्कळ दुःखे टळतील.

आज मध्यान्ही रामजन्माचा पाळणा हलेल. तीन आठवडे उलटण्याच्या आतच वेणाबाईंची पुण्यतिथी येईल. पाळण्याची दोरी हाती घेताना, रामाच्या सेवेसाठी जनलज्जेचे भय ओलांडणाऱ्या या रामदासकन्येचे एक क्षणभर स्मरण करू या. सर्वांच्या मनातील भय हरण करो, हीच आजच्या पवित्र दिनी प्रभू रामचंद्रांच्या चरणी प्रार्थना.